शेव्हेल घ्या, पण शुक्रवारी पैसे पाठवू नका

आदरणीय ताई,

मी ५३ वर्षांचा आहे, मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो. १९९६ मध्ये डेट्रॉइटला एम.एस. करायला आलो, तेव्हा आमचे घरमालक आजोबा दर ऑगस्टमध्ये त्यांची लाल शेव्हेल गाडी बाहेर काढायचे. एकदा त्यांनी मला शेजारी बसवून वुडवर्ड अव्हेन्यूवरून पाँटिअ‍ॅक गावापर्यंत नेऊन आणलं. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. आता तशीच १९७० ची शेव्हरोले कंपनीची शेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट) ३९६ ओहायोत टोलीडोजवळ विकायला आहे. क्रॅनबेरी रेड रंग, काळे पट्टे, फोर-स्पीड मॅन्युअल. जाहिरातीत ‘फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन, नंबर्स मॅचिंग’ असं लिहिलंय. मागणी ७२,००० डॉलर. बिल्ड शीट, म्हणजे कारखान्यातला जडणीचा कागद, मिळाली नाही म्हणतो. शुक्रवारपर्यंत २,००० डॉलर पाठवा, ते परत मिळणार नाहीत, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं मालकाचं म्हणणं. माझ्याकडे बाजूला टाकलेले ४०,००० आहेत, बाकीचे घरावर कर्ज काढून उभे राहतील. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला या गाडीवर क्लच शिकवायचाय. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. डॅशवरच्या नंबरपट्टीचा फोटो सोबत पाठवतोय. घेऊ का?

— एक वाचक, ट्रॉय

*

नमस्कार,

शुक्रवारी पैसे पाठवू नका. शनिवारी गाडी बघायला मात्र नक्की जा. या दोन्ही गोष्टी मी अगदी मनापासून सांगतेय. तुमचं पत्र वाचताना ती वुडवर्डवरची संध्याकाळ माझ्याही डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि ही हौस पोरकट आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. माझी तीस वर्षं याच शहरात गाड्यांच्या कामात गेली. बिग-ब्लॉक, म्हणजे मोठ्या ठोकळ्याचं, इंजिन गार असताना सुरू झालं की सगळं गॅरेज कसं थरथरतं ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तुम्ही घाईत फसू नये असं वाटतं.

आधी तुम्ही पाठवलेल्या नंबराकडे वळू. त्याची सुरुवात १३६३७०बी अशी आहे. पहिला १ म्हणजे शेव्हरोले. ३६ म्हणजे व्ही-८ इंजिनची मालिबू, शेव्हेलचंच एक मॉडेल. ३७ म्हणजे दोन दारांची, मधला खांब नसलेली हार्डटॉप. ० म्हणजे १९७० सालची, बी म्हणजे बाल्टिमोरच्या कारखान्यातली. पुढचे सहा आकडे त्या गाडीचा अनुक्रम. हे सगळं ठीकच आहे. सुरुवात १३५ ने असती तर गाडी सहा सिलिंडरची निघाली असती आणि विषय तिथेच संपला असता. पण नीट बघा, या नंबरात ‘एसएस’ कुठेच नाही. असूही शकत नाही. १९६६ ते ६८ या काळातल्या एसएस ३९६ गाड्यांचा नंबर १३८ ने सुरू व्हायचा, त्यामुळे त्या ओळखता येतात. १९६९ पासून एसएस हे वेगळं मॉडेल राहिलं नाही, ते मालिबूवर घ्यायचं एक पॅकेज झालं. म्हणजे हाच नंबर खऱ्या एसएसवर असतो आणि कुणा शिक्षिकेने ३०७ क्यूबिक इंचांच्या छोट्या व्ही-८ सह घेतलेल्या साध्या मालिबूवरही असतो. विक्रेत्याने पट्टीचा फोटो हौसेने पाठवला असेल, पण त्यातून तो काय विकतोय हे सिद्ध होत नाही.

लोक नेमक्या याच सालाची नक्कल का करतात, तेही लक्षात घ्या. मधल्या आकाराच्या गाडीत ४०० क्यूबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही असं जनरल मोटर्सचं स्वतःवर घातलेलं बंधन होतं. १९७० च्या मॉडेलांपासून ते उठलं आणि शेव्हेलमध्ये ४५४ आलं. त्याच्या एलएस-६ आवृत्तीवर कंपनीने ४५० हॉर्सपॉवरचा आकडा छापला. पुढच्याच वर्षी कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन खाली आणावं लागलं, विम्याचे हप्ते तरुण पोरांच्या खिशाबाहेर गेले, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. त्यामुळे १९७० ची गाडी म्हणजे त्या सगळ्या काळाचं टोक. तुमच्या जाहिरातीतली ३९६ ही त्याच वर्षीची, फक्त एक पायरी खालची. गंमत म्हणजे नाव ३९६ असलं तरी १९७० मध्ये त्या इंजिनचा सिलिंडर किंचित मोठा करून ते ४०२ क्यूबिक इंचांचं, म्हणजे जवळपास ६.६ लिटरचं झालं होतं. गाजलेलं नाव बदलायला नको म्हणून बॅज तोच ठेवला. नेहमीचं इंजिन ३५० हॉर्सपॉवरचं, वरचं ३७५ चं. हे आकडे एअर क्लीनर आणि पूर्ण एक्झॉस्ट न लावता, टेस्ट बेंचवर मोजलेले आहेत. आजच्या गाड्यांच्या आकड्यांशी त्यांची तुलना करू नका.

आणखी एक गोष्ट मनात ठेवा. त्या वर्षी एसएस ३९६ पन्नास हजारांहून जास्त निघाल्या. गाडी सुंदर आहे, पण दुर्मीळ नाही. ही हातची गेली तर पुढच्या उन्हाळ्यात दुसरी मिळेल.

आपल्याकडे जमीन घेताना बांधावर उभं राहून पीक कितीही डोलताना दिसलं तरी आपण आधी सातबारा मागतो, फेरफार बघतो. या गाड्यांचंही तसंच आहे, फक्त त्यांचा तलाठी कंपनीगणिक बदलतो. तुमची आवडती गाडी पाँटिअ‍ॅक कंपनीची असती तर त्या गाड्यांच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या पीएचएस या संस्थेकडे नंबर पाठवून कारखान्याच्या मूळ बिलाची नक्कल मागवता आली असती. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट आहे. डॉज आणि प्लिमथच्या नंबरातलं एक अक्षरच कोणतं इंजिन बसवलं होतं ते सांगतं. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेचा मात्र असा कोणताही सरकारी किंवा कंपनीचा उतारा मिळत नाही. तिथे साक्ष देतात ते गाडीसोबत टिकलेले कागद. असेंब्ली लाइनवर कामगारांसाठी गाडीबरोबर फिरणारी बिल्ड शीट बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहायची. वॉरंटीच्या पुस्तिकेत चिकटवलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, प्रोटेक्ट-ओ-प्लेट, हाही चांगला पुरावा. डीलरचं बिल किंवा खिडकीवरचं किमतीचं स्टिकर असेल तर तेही. कागद बघाल तेव्हा तो जुना आहे का, हेही बघा. उंदरांनी कुरतडलेला, गंजाचे डाग पडलेला, घड्यांवर फाटलेला कागद मला कोऱ्या करकरीत कागदापेक्षा जास्त पटतो, कारण नव्याने छापलेल्या बिल्ड शीट आणि स्टिकर बाजारात सर्रास मिळतात.

बिल्ड शीट नाही म्हणजे माणूस खोटा, असं मात्र मी म्हणणार नाही. कितीतरी खऱ्या गाड्यांची शीट पन्नास वर्षांत कुजून गेली. पण त्याने आधी ‘फ्रेम-ऑफ’ म्हटलंय, म्हणजे बॉडी चासीवरून उचलली होती. तेव्हा टाकी उतरली होती, सीट निघाल्या होत्या. इतकं काम करणारा माणूस फोटो काढतोच. ते फोटो मागा. सुट्या चासीचा, उघड्या फ्लोअरचा, रंगाआधीच्या पत्र्याचा, इंजिनच्या नंबराचा फोटो. चासीच्या डाव्या दांड्यावर वरच्या बाजूने गाडीच्या नंबराचा काही भाग ठोकलेला असतो, पण बॉडी बसल्यावर तो आरसा घालूनही जेमतेम दिसतो. बॉडी वर असताना कुणीतरी त्याचा फोटो काढला असेल तर तो एकच फोटो मला दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त मोलाचा वाटेल. चार वर्षं खपून गाडी उभी केली आणि एकही फोटो नाही, असं तो म्हणाला, तर मला शंका येईल.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००५ मध्ये आम्ही पाँटिअ‍ॅकची १९६५ सालची जीटीओ घेतली. निळा रंग, पांढरं छत, ग्रिलवर आणि मागच्या पॅनेलवर बॅज, सगळं अगदी जागच्या जागी. मला माहीत होतं की १९६४ आणि ६५ मध्ये जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल नव्हतं. १९६४ ची गाडी ठरत होती तेव्हा मधल्या गाडीत ३३० क्यूबिक इंचांच्या वर जायचं नाही असा कंपनीचा नियम होता, आणि तिथले अभियंते जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ चं इंजिन ‘ऑप्शन’ म्हणून घुसवून त्यातून वाट काढली होती. म्हणजे नंबरावरून काहीच कळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी कागद मागवायच्या आधी चेक लिहिला, कारण दुसरं गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. कागद तीन आठवड्यांनी आले. कारखान्यातून ती ३२६ चं इंजिन घेऊन निघालेली साधी ल मान्स होती, म्हणजे ज्या मॉडेलवर जीटीओचा ऑप्शन मिळायचा ते. त्या दिवशी मी गॅरेजमध्ये जाऊन तिच्यात नुसती बसून राहिले. गाडी तीच होती, आवाज तोच होता, पण ११,००० डॉलर मी अशा गोष्टीसाठी मोजले होते जी त्या गाडीत नव्हतीच. यजमान मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. ती गाडी आम्ही चौदा वर्षं चालवली. माझा मुलगा तिच्याच स्टिअरिंगवर गाडी शिकला. तेव्हापासून मी दर गाडीच्या दोन किमती करते. एक लोखंडाची, म्हणजे डोळ्यांनी दिसते आणि रस्त्यावर पळते त्या वस्तूची. दुसरी तिच्या वंशावळीची. वंशावळीचे पैसे कागद हातात आल्यावरच द्यायचे, नाहीतर द्यायचेच नाहीत.

आता शनिवारी काय बघायचं ते सांगते. एक छोटा आरसा, टॉर्च, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि वही बरोबर घ्या.

सगळ्यात आधी इंजिनचं पॅड. बॉनेट उघडून पुढे उभं राहिलात की पॅसेंजरच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकची एक चपटी जागा दिसेल. तिथे दोन ओळी ठोकलेल्या असतात. एकीत इंजिन जिथे जुळलं त्या कारखान्याचं अक्षर (बिग-ब्लॉक न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाला बनायचे, म्हणून टी), तारीख आणि इंजिनचा कोड. दुसरीत गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग: वर्ष, कारखान्याचं अक्षर आणि सहा आकडे. हा भाग डॅशवरच्या पट्टीशी जुळला तरच ‘नंबर्स मॅचिंग’ हा शब्द वापरायचा. फोर-स्पीड गिअरबॉक्सवरही तोच भाग असायला हवा. बरेच विक्रेते ब्लॉकवरचा कास्टिंग नंबर बरोबर असला की मॅचिंग म्हणतात. कास्टिंग नंबर फक्त एवढंच सांगतो की ब्लॉक त्या जातीचा आहे. तो कुठल्याही गाडीतून आलेला असू शकतो.

आकडे जुळले तरी पॅडचा पृष्ठभाग नीट बघा. कारखान्याच्या मशीनने तिथे बारीक, एका दिशेने जाणाऱ्या समांतर रेघा सोडलेल्या असतात. त्या रेघा नसतील, पॅड आरशासारखं गुळगुळीत असेल किंवा ग्राइंडरचे गोल ओरखडे दिसत असतील, तर कुणीतरी जुना नंबर खरवडून नवा ठोकलाय असा संशय घ्या. ओव्हरहॉलच्या वेळी ब्लॉकचा माथा (डेक) घासल्यानेही रेघा जातात, तेव्हा मशीन शॉपचं बिल मागा. मग तारखांचा मेळ घाला. ब्लॉक ओतल्याची तारीख एका अक्षराने आणि आकड्यांनी दिलेली असते, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. फायरवॉलवरच्या पट्टीवर गाडी कोणत्या महिन्याच्या कितव्या आठवड्यात बनली तेही असतं. आधी ब्लॉक ओतला गेला, मग इंजिन जुळलं, मग गाडी बनली, हा क्रम उलटा लागला तर बाकी काही बघायची गरज नाही. त्याच पट्टीवर रंगाचा कोड आहे. क्रॅनबेरी रेडचा ७५. तिथे दुसरा आकडा असेल तर गाडीचा रंग बदललाय. त्यात गुन्हा काही नाही, पण किमतीत ते दिसायला हवं.

मागे जाऊन खाली वाका आणि डिफरन्शिअलच्या झाकणाचे बोल्ट मोजा. एसएसला बारा बोल्टांचा एक्सल होता, साध्या मालिबूला बहुधा दहांचा. मागच्या टाकीपासून येणारी पेट्रोलची नळी, डॅशवरची गोल मीटर, पुढचे डिस्क ब्रेक, मागचा स्टॅबिलायझर बार हे सगळं एसएसच्या रूपाला साजेसं असावं. मात्र या गोष्टींवर फार विसंबू नका. यातला प्रत्येक भाग दुकानात मिळतो, आणि हातात कसब असलेला माणूस थोड्याच दिवसांत ते बसवू शकतो. हे भाग नसतील तर गाडी एसएस नाही असं म्हणता येतं. असतील तर गाडी एसएस आहे, असं म्हणता येत नाही.

मला विचाराल तर याहून जास्त भीती गंजाची वाटते. नंबर खोटा निघाला तर पैसे जातात, चासी कुजलेली निघाली तर गाडीच जाते. आपल्या भागात हिवाळ्यात रस्त्यावर जे मीठ पडतं त्याने या गाड्या खाल्ल्या. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत पाणी साठतं, तिथून ते डिकीत उतरतं, म्हणून डिकीतली चटई उचलून पत्रा बघा. मागच्या चाकाच्या पाठीमागचा भाग, दाराखालचा रॉकर, पायाखालचा फ्लोअर, बॉडी माउंटच्या जागा, मागच्या चाकांवरून वर जाणारी चासीची दांडी, सगळीकडे टॉर्च मारा. चुंबक हलकेच फिरवा. चिकटता चिकटता एका जागी सुटलं तर खाली पुट्टी आहे. शक्य झालं तर रंगाची जाडी मोजायचं मीटर न्या. दाराच्या मध्यावर जो आकडा येतो त्याच्या तिप्पट-चौपट आकडा खालच्या कडेला आला तर पत्रा नवीन बसवलेला नाही, फक्त थापून झाकलाय. नवीन पत्रा नीट वेल्ड केलेला असेल तर मला त्याचं काही वाटत नाही. खालून काळं, जाड रबरी कोटिंग मारलेलं असेल तर थांबा. ‘फ्रेम-ऑफ’ केलेल्या गाडीला ते लपवण्याची गरज का पडावी, हे मालकाला विचारा.

मग गाडी चालवा. सुरू करताना निळा धूर आला आणि जात नसेल तर ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. गिअर गार असताना आणि तापल्यावर असे दोनदा तपासा. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ते रिकाम्या रस्त्यावर बघा. हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवल्या आहेत का, हे विचारा, कारण ती इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलवर बनलेली होती. आणि तो कोणतं ऑइल घालतो, हा साधा प्रश्न विचारा. जुन्या फ्लॅट टॅपेट कॅमला जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं ऑइल लागतं. ज्याने ही गाडी प्रेमाने सांभाळलीय तो यावर पंधरा मिनिटं बोलेल.

हे सगळं तुम्ही स्वतः केलंत तरी, घ्यायची वेळ आली तर या मॉडेलचा जाणकार तपासनीस पैसे देऊन घेऊन जा. गाडी लिफ्टवर चढवून, कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट करून तो लेखी अहवाल देईल. मालकाने याला नकार दिला तर परत फिरा.

आता पैशांचं आणि घरचं बोलू. तुमच्या पत्रातली सगळ्यात जड ओळ मला तीच वाटली, की बायकोला सांगितलेलं नाही. घर दोघांचं असेल, तर त्यावरचं कर्जही दोघांचं. मुलगी अजून दोन-अडीच वर्षं कॉलेजात आहे. अशा वेळी ३२,००० डॉलर घरावर काढून गाडीत घालणं मला मान्य नाही, गाडी शंभर टक्के खरी असली तरीही नाही. या गाड्यांची किंमत वाढते असं सांगणारे भेटतील. वाढते कधी, उतरतेही कधी. हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो. त्यांना आज रात्री सांगा. गाडीचे फोटो नंतर दाखवा, आधी १९९६ ची ती संध्याकाळ सांगा. मला लिहिलीत तशीच सांगा. त्यांना ती कधी सांगितलीच नसेल असं मला पत्रावरून वाटतं. आणि शनिवारी त्यांनाही बरोबर न्या. घाईत नसलेला माणूस सोबत असला की विक्रेत्याच्या बोलण्यातली फट लवकर दिसते.

तुमचं खरं बजेट ४०,००० आहे, आणि त्यातूनही थोडे मागे ठेवावे लागतील. मिशिगनमध्ये गाडी नावावर करताना ६ टक्के कर भरावा लागतो. ७२,००० वर तो ४,३२० डॉलर होतो, याचा तुम्ही कुठे हिशेब केलेला दिसला नाही. विमा ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ पद्धतीचा घ्या, म्हणजे गाडी गेली तर किती मिळणार तो आकडा आधीच ठरलेला असतो. साध्या विम्यात कंपनी तिला पन्नास वर्षांची जुनी गाडी समजून भाव करेल. टायर, बॅटरी, हिवाळ्यात झाकून ठेवायची जागा, दर गॅलनला दहा-बारा मैल जाणारी आणि प्रीमियम पेट्रोलच मागणारी टाकी, हे सगळं त्यातच बसवायचंय.

म्हणून मी तुम्हाला विचारते, तुम्हाला नक्की काय हवंय? पत्रात तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात. काचा खाली करून वुडवर्डवरून जायचंय आणि मुलीला क्लच शिकवायचाय. प्रदर्शनात उभी करून नंबर तपासून घ्यायचेत, असं कुठेही लिहिलेलं नाही. या दोन्ही गोष्टींना खऱ्या एसएसची वंशावळ लागत नाही. ३५० च्या इंजिनची प्रामाणिक मालिबू, मॅन्युअल गिअरची, तेच अंग, तीच काच. किंवा कुणी मनापासून बांधलेली, ‘ही क्लोन (नक्कल) आहे’ असं जाहिरातीतच लिहिलेली एसएस. अशी गाडी तुमच्या पैशांत बसू शकते. तिला ओरखडा पडला तर काळजाचा ठोका चुकणार नाही, आणि मुलीने पहिल्या दिवशी चार वेळा इंजिन बंद पाडलं तरी तुम्ही हसाल. मौल्यवान कागदांच्या गाडीत तुम्ही तिला स्टिअरिंगवर बसवणार नाही. मी तरी बसवलं नसतं. एक गोष्ट मात्र तिला आधी दाखवा. पुढे फक्त साधे पट्टे आहेत, एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागे ड्रम ब्रेक. आधी रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवा, मग रस्त्यावर.

टोलीडोची गाडी बघून मन तिथेच बसलं, बायकोनेही होकार दिला, आणि पैसे कर्जाशिवाय उभे राहिले, तर बोलणी अशी करा. पॅडवरचा नंबर जुळला, रेघा जागेवर आहेत आणि फोटो आहेत, तर ती खरी समजून भाव करा. ते नसेल तर कितीही सुंदर असली तरी क्लोनच्या भावाने बोला. कागद नसलेल्या या गाडीसाठी मी स्वतः ५५,००० च्या वर गेले नसते. विसार द्यायचाच झाला तर एका पानावर लिहून घ्या: तपासणीत इंजिन आणि गिअरबॉक्सवरचा नंबर गाडीशी जुळला नाही किंवा चासीत गंज निघाला तर २,००० पूर्ण परत. जो प्रामाणिकपणे विकतो त्याला या ओळीची अडचण होत नाही. टायटलवरचं (गाडीच्या मालकीच्या दाखल्यावरचं) नाव विकणाऱ्याचंच आहे ना, त्यावर कुणाचं कर्ज नाही ना, आणि नंबर अक्षरन् अक्षर डॅशशी जुळतो ना, हे बघून मगच उरलेले पैसे द्या. ओहायोत टायटलवर मालकाची सही नोटरीसमोर व्हावी लागते. आधीच सही करून ठेवलेलं टायटल हातात देऊ लागला तर घेऊ नका.

गाडी कुठलीही आली तरी मिशिगनची ऐतिहासिक वाहनाची प्लेट घ्या. २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला ती मिळते. वर्षभर ती प्रदर्शन, मिरवणूक, क्लबचे कार्यक्रम अशा कामांपुरतीच चालवायची असते, पण ऑगस्ट महिन्यात ही अट सुटते. म्हणजे तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर जुन्या गाड्यांची जी मिरवणूक निघते त्या ड्रीम क्रूझला फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत तर जाताच येईल, पण त्याआधीच्या कुठल्याही साध्या मंगळवारी संध्याकाळी, गर्दी नसताना, तिघांना निघता येईल. मला विचाराल तर मंगळवारच निवडा. क्रूझच्या दिवशी गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही, आणि बिग-ब्लॉक तापतो.

शनिवारी निघण्याआधी मालकाला फोन करा आणि सांगा, ‘आम्ही दहाला पोचतो, तोवर गाडी सुरू करू नका.’ पोचल्यावर आधी नमस्कार-चमत्कार, मग बोलता बोलता बॉनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागलं तर त्यालाच विचारा की सकाळी गाडी का चालवली. आणि तो काय उत्तर देतो ते मला नक्की कळवा.